गृहकर्जाची दलाली : मध्यमवयातील एक जोडधंदा

'दलाल' हा शब्द मराठी कानास फारसा गोड लागत नाही. आणि त्याच्या जोडीस 'गहाण' हा शब्द आला, म्हणजे तर मध्यमवर्गीय घरात कपाळाला आठी पडल्यावाचून राहत नाही. या आठीला इतिहास आहे. १८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या दप्तरांवर चाल केली, ती गहाणखते आणि कर्जरोखे जाळून टाकण्यासाठीच. त्यातून १८७९ चा शेतकरी कर्जनिवारण कायदा झाला. कर्ज म्हणजे जमीन जाण्याची वाट, हा धडा त्या पिढीने पुढच्या पिढ्यांना दिला आणि तो दीर्घकाळ टिकला.

पुढे काळ पालटला. १९७७ साली हसमुखभाई पारेख यांच्या पुढाकाराने मुंबईत केवळ घरबांधणीस कर्ज देणारी संस्था उभी राहिली. १९८८ साली राष्ट्रीय गृहनिर्माण बँक स्थापन झाली. निवृत्तीच्या पुंजीतून वयाच्या साठाव्या वर्षी घर बांधणारा नोकरदार तिशीतच घराचा मालक होऊ लागला. घर गहाण ठेवूनच घर घ्यावयाचे, ही गोष्ट आता कोणास चमत्कारिक वाटत नाही. मात्र कर्ज देणाऱ्या संस्था अनेक, प्रत्येकीचे दर निराळे, नियम निराळे. आणि कर्ज घेणारा आयुष्यात बहुधा एकदाच या वाटेने जाणारा. या दोघांमधील जागा ज्याने भरून काढली, तोच गृहकर्जाचा दलाल. बँकेच्या भाषेत तो विक्री-प्रतिनिधी होय.

या धंद्याकडे वळणारांत चाळिशी ओलांडलेली माणसे पुष्कळ आढळतात. कोणी वीस वर्षे हिशेब लिहिलेला असतो, कोणी विम्याचे काम करीत असतो, कोणा गृहिणीची मुले मोठी होऊन दुपार मोकळी झालेली असते. भांडवल जवळजवळ लागत नाही. दुकान, गाळा, माल यांची गरज नाही. लागते ती ओळख, चिकाटी आणि कागद वाचण्याची सवय. त्यातही ओळख हेच खरे भांडवल. आणि ते एकदा बुडाले की पुन्हा उभे करता येत नाही, हे नवख्याने प्रथमच ध्यानात घ्यावे.

काम दिसते तितके सोपे नाही. अर्जदाराच्या पगाराचे दाखले, बँकेचे खातेउतारे, प्राप्तिकराची विवरणपत्रे आणि जुन्या कर्जफेडीवरून ठरणारा ३०० ते ९०० मधील पतगुणांक ही एक बाजू झाली. दुसरी बाजू घराची : पूर्वीच्या खरेदीखतांची अखंड साखळी, सूची क्रमांक दोनचा उतारा, मंजूर नकाशा, भोगवटापत्र, सोसायटीचे ना-हरकत पत्र. साखळीतील एक करारपत्र हरवले, तर महिनाभर धावपळ होते. बँकेचा वकील आणि मूल्यमापक आपापले काम करतातच. परंतु उणीव आधीच हेरून अर्जदारास सांगणारा दलाल त्याचा बयाणा वाचवितो.

मोबदला अर्जदाराकडून नव्हे, बँकेकडून मिळतो. तोही कर्जाची रक्कम प्रत्यक्ष दिली गेल्यानंतर. दर बँकेगणिक बदलतो, पण सामान्यतः तो शेकडा एक रुपयाच्या आतच असतो. अर्ज नामंजूर झाला की महिन्याची पायपीट फुकट. म्हणून पहिले सहा-आठ महिने या उत्पन्नावर घरखर्च टाकणे धोक्याचे. नोकरी सांभाळून हे काम करणारे टिकतात, ते यामुळेच. अर्थात नोकरी कोणती, हेही पाहिले पाहिजे. सरकारी सेवकास पूर्वपरवानगीवाचून असा व्यवसाय करता येत नाही, आणि खाजगी संस्थांच्या नेमणूकपत्रांतही पुष्कळदा तशी अट असते. पत्नीच्या नावाने काम करून ती अट चुकविण्याचा सल्ला देणारे भेटतात. तो मानू नये.

या धंद्याची खरी कसोटी मात्र निराळीच आहे. समजा, शेजारच्या बिऱ्हाडातील तरुण दलालाकडे येतो. हाती पडणारा पगार ६०,००० रुपये. घर ४५ लाखांचे. "काका, पस्तीस लाख मिळतील ना?" असे तो विचारतो. नियमाप्रमाणे ३० ते ७५ लाखांपर्यंतच्या कर्जात किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंत रक्कम देता येते. तेव्हा पस्तीस लाख मिळू शकतील. पण साडेआठ टक्के दराने वीस वर्षांच्या मुदतीस त्याचा मासिक हप्ता सुमारे ३०,३७४ रुपये होतो, म्हणजे अर्ध्या पगाराहून अधिक. शिवाय पदरचे दहा लाख, मुद्रांकशुल्काचे सुमारे तीन लाख आणि नोंदणीचे ३०,००० रुपये निराळेच. हाच तरुण लहान घर पाहून २५ लाखांवर थांबला, तर हप्ता सुमारे २१,६९६ रुपये पडतो.

आता दलालाची बाजू पाहू. शेकडा अर्धा रुपया मोबदला धरला, तर पस्तीस लाखांवर १७,५०० आणि पंचवीस लाखांवर १२,५०० रुपये. त्याचा तोटा एकदाच, पाच हजारांचा. तरुणावरील भार दरमहा ८,६७८ रुपयांचा, आणि तो वीस वर्षांचा. "मिळतील रे, पण तुला पेलतील का, ते आधी पाहू," हे एक वाक्य उच्चारण्याची किंमत पाच हजार रुपये आहे. मुलीच्या महाविद्यालयाची फी तोंडावर आली असता हे वाक्य जड जाते, हे कबूल केले पाहिजे.

ही अडचण केवळ आपल्याकडची नाही. ऑस्ट्रेलियात न्यायमूर्ती हेन यांच्या चौकशी आयोगाने २०१९ साली याच मोबदल्याच्या पद्धतीवर बोट ठेवले. त्यानंतर १ जानेवारी २०२१ पासून कर्जदाराच्या हिताला अग्रक्रम देणे हे तेथील दलालांचे कायदेशीर कर्तव्य ठरले. मोबदला कर्जदारानेच द्यावा, ही आयोगाची सूचना मात्र अमलात आली नाही. कारण हिताचा सल्ला विकत घेण्यास माणूस सहसा तयार नसतो.

तेव्हा कायद्याची वाट न पाहता दलालाने काही गोष्टी स्वतःशीच ठरवाव्यात. आपणास पैसे कोण देतो, हे पहिल्याच भेटीत सांगावे. अर्जदाराकडून वरकड रक्कम घेऊ नये. बदलता दर म्हणजे काय, दर वाढल्यास हप्ता अथवा मुदत कशी वाढते, हे कागदावर मांडून दाखवावे. बदलत्या दराचे गृहकर्ज मुदतीपूर्वी फेडल्यास बँकेला दंड घेता येत नाही, हा २०१२ पासूनचा नियमही सांगावा; मग त्याने पुढील धंदा घटला तरी चालेल. कोरा फॉर्म कोणाच्याही सहीसाठी पुढे करू नये, आणि पगाराचा आकडा 'थोडा वाढवून' लिहू नये. त्या आकड्याचा हप्ता दुसऱ्यास फेडावयाचा असतो.

मध्यमवयात नवा धंदा करणाऱ्यास तरुणाची धाव नसते; पण हप्ता चुकलेल्या महिन्यातील घर कसे असते, हे त्याने पाहिलेले असते. त्याच अनुभवासाठी लोक त्याच्याकडे येतात. पंचवीस लाखांवर थांबलेला तो तरुण पाच वर्षांनी आपल्या धाकट्या भावाला घेऊन त्याच्याच दारी येईल, असा संभव पुष्कळ आहे. आला नाही, तरी जिन्यात भेट झाली असता त्याला मान खाली घालावी लागणार नाही.