वृद्धाश्रमाची घरपट्टी: माफी कुणाला आणि कशाची?

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत केलेल्या बोलण्याचा मजकूर. ज्या ताई त्या दिवशी येऊ शकल्या नाहीत, त्यांच्यासाठी.)



आजचा विषय कर्जाचा नाही, परतफेडीचा नाही, त्यामुळे जरा सैल बसा. विषय घरपट्टीचा आहे, तोही वृद्धाश्रमाच्या. तुम्ही म्हणाल, त्याचा आणि आपला काय संबंध? तर गेल्या दोन महिन्यांत दोन ग्रामसंघांत हाच प्रश्न दोन उलट्या बाजूंनी आला. एका गावात आपल्या सभासदांना एक रिकामं घर वापरायला मिळतंय. पोरं पुण्या-मुंबईला गेली आणि आजी एकट्या राहिल्या, अशा आजींची तिथं सोय करावी असं त्यांच्या मनात आहे. त्यांनी विचारलं, "ट्रस्ट काढला की घरपट्टी माफ होते ना?" दुसऱ्या गावात एका संस्थेचा वृद्धाश्रम आधीपासूनच आहे. तिथल्या मावशी बैठकीत चिडून बोलल्या, "आमची सहाशे रुपये पट्टी थकली की दारात नोटीस, आणि एवढ्या मोठ्या इमारतीला माफी?"

दोन्ही प्रश्न खरे आहेत, आणि दोघींना उत्तरही एकच द्यावं लागतं. इमारतीच्या पाटीवर काय लिहिलंय यावर माफी ठरत नाही. आत कोण राहतं, कशासाठी राहतं आणि त्यातून येणारा पैसा कुठं जातो, हे बघून ती ठरते.

आधी ट्रस्टचं सांगते. महाराष्ट्रात ट्रस्टची नोंदणी होते ती 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली, धर्मादाय कार्यालयात. गरिबी आणि हालअपेष्टा दूर करणं, शिक्षण, दवापाणी, अशी कामं त्यात धर्मादाय धरली आहेत. निराधार म्हाताऱ्या माणसांना आसरा देणं त्यात बसतं. पण नोंदणीचा कागद मिळाला म्हणजे घरपट्टी आपोआप गेली, असं अजिबात नाही. दिल्लीत एका शाळेच्या जागेच्या कराचा खटला थेट सर्वोच्च न्यायालयात गेला होता. 1992 मध्ये निकाल लागला. संस्था नोंदलेली आहे आणि शिक्षणाचं काम करते, एवढ्यावरून ते काम धर्मादाय होत नाही, त्यात लोकहिताचा भाग दिसला पाहिजे, असं न्यायालयानं म्हटलं. शाळेला जर हे लागू, तर वृद्धाश्रमालाही हाच विचार लागणार.

अजून एक घोळ बायांच्या बोलण्यात नेहमी ऐकते. "त्यांच्याकडे 80 जी आहे, म्हणजे त्यांना कर नाही." अहो, 80 जी ही देणगी देणाऱ्याच्या आयकरातली सवलत आहे. तिचा ग्रामपंचायतीच्या पट्टीशी संबंध नाही. जीएसटीचं आणखी वेगळं. आयकर खात्याकडे धर्मादाय म्हणून नोंदलेल्या संस्थेचा वृद्धाश्रम असेल, तर 60 वर्षांवरच्या माणसाकडून राहणं, जेवण, देखभाल मिळून महिन्याला 25,000 रुपयांपर्यंत घेतले तरी त्यावर जीएसटी लागत नाही. महिन्याला पंचवीस हजार! आपल्या गटातल्या किती जणी एवढे भरू शकतील? म्हणजे एका कायद्यानं सूट दिली म्हणून ते घर गरिबांचं आहे असं धरून चालू नका. प्रत्येक कायद्याची रेघ वेगळ्या जागी मारलेली असते.

आता इमारतीच्या कराकडे येऊ. याबाबत सगळ्यात उघड भाषा मला शहरांच्या कायद्यात सापडली, म्हणून आधी ती सांगते आणि मग गावात येते. मुंबई सोडून राज्यातल्या महानगरपालिकांना 1949 चा कायदा लागू आहे. त्याचं कलम 132 सांगतं की इमारतीचा जो भाग फक्त सार्वजनिक धर्मादाय कामासाठी वापरला जातो, त्याला सर्वसाधारण कर लागत नाही. यातला "भाग" हा शब्द लक्षात ठेवा, आणि "फक्त" हाही.

समजा, वृद्धाश्रमाची इमारत आहे. मागच्या खोल्यांत पंधरा आजी-आजोबा राहतात. पुढे रस्त्याला लागून दोन गाळे काढलेत, एकात मोबाईलचं दुकान, एकात खताचं. संस्था म्हणते, गाळ्यांचं भाडं आम्ही आश्रमाच्या किराण्यालाच लावतो. मनाला पटतं की नाही? पण त्या कायद्यात स्पष्ट आहे: ज्या भागात धंदा चालतो किंवा ज्याचं भाडं येतं, तो भाग सुटीत नाही, मग भाडं धर्मादायाला लावा नाहीतर लावू नका. अशा वेळी मागच्या खोल्या वेगळी मिळकत धरून त्यांना सूट आणि गाळ्यांना कर, असे दोन हिशेब होतात. मला हे बरोबर वाटतं. शेजारच्या दुकानदारानं कर भरायचा आणि आश्रमाच्या गाळ्यातल्यानं नाही, हे कसं चालेल?

दुसरं असं की सूट आहे ती सर्वसाधारण करापुरती. पाण्याचं बिल उरतंच. म्हणून आश्रम काढताना "आपल्याला काहीच भरायचं नाही" असं धरून खर्चाचा अंदाज बांधू नका.

आता आपलं गाव. ग्रामपंचायतीला घरांवर कर बसवायचा अधिकार ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 124 नं दिलाय, आणि आकारणी कशी करायची ते 1960 च्या कर व फी नियमांत आहे. कुठल्या इमारती सुटीत येतात तेही त्याच नियमांत बघायचं. ग्रामसेवकांकडे हे नियम असतात, मागून घ्या आणि गटात मोठ्यानं वाचा. सरपंच ओळखीचे आहेत, ग्रामसभेत सगळ्यांनी हात वर केले, म्हणून माफी पक्की होत नाही. तिला नियमाचा आधार लागतो. नाहीतर उद्या सरपंच बदलले की मागची सगळी थकबाकी दारात येऊन उभी राहते, आणि तेव्हा ती भरायला आजींच्या औषधाचा पैसा काढावा लागतो. मला काळजी आहे ती याचीच.

तेव्हा ज्या ताईंना घर मिळतंय त्यांना माझं सांगणं: आधी नमुना 8 चा उतारा काढा. त्यात ते घर कुणाच्या नावे आहे आणि वापर काय लिहिलाय ते बघा. "राहते घर" असं लिहिलेलं असेल आणि तुम्ही आश्रम चालवत असाल, तर सूट मागायला जागाच नाही. आधी नोंद बदलून घ्या. मग लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी सांगितलेलं कुणाच्या लक्षात राहत नाही. आकारणीची यादी लागते तेव्हा हरकत घेता येते, ती मुदत चुकवू नका. पंचायतीनं नाकारलंच तर पंचायत समितीकडे अपील करता येतं.

आणि वह्या. पंचसूत्रीतलं शेवटचं सूत्र काय? लेखे. ते तुम्हाला मी काय शिकवणार! आश्रमातही तेच. कोण आजी कधी आल्या, वय किती, फुकट राहतात की काही देतात, देतात तर किती आणि पावती क्रमांक काय. देणगी आली, अगदी पोतंभर तांदूळ आला, तरी नोंद हवी. कुठल्या खोलीत काय चालतं त्याचा हातानं काढलेला नकाशा चालेल. सूट मागताना तुमच्या बाजूनं बोलणारी वस्तू ही वहीच असते. पैसे घेणं वाईट आहे असं मी म्हणत नाही. ज्यांची मुलं पाठवू शकतात त्यांच्याकडून घ्या, त्यावर दुसऱ्या दोन आजी जेवतील. फक्त ते वहीत दिसू द्या.

आता चिडलेल्या मावशींकडे वळते, कारण त्यांचं म्हणणं मला अर्धं पटतं. घरपट्टीतून गावाचे दिवे लागतात, गटारं निघतात. समजा, त्या आश्रमाची पट्टी 12,000 असती, तर ती तुमच्यासारख्या सहाशेवाल्या वीस घरांएवढी झाली. ती माफ झाली म्हणजे गावानं तेवढी देणगीच दिली. मग देणगीदार म्हणून विचारा ना. आत आपल्या तालुक्यातल्या किती निराधार बाया आहेत? फुकट खाटा किती? राज्याच्या 1963 पासूनच्या वृद्धाश्रम योजनेत निराधार पुरुषांना 60 वर्षांपासून आणि बायांना 55 पासून विनामूल्य प्रवेशाची सोय ठेवली आहे. ते घर या योजनेत आहे का? 2007 च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात निदान 150 निराधारांसाठी एक घर असावं असं लिहिलंय. म्हणजे ही जबाबदारी मुळात सरकारचीही आहे, आणि जिथं एखादी संस्था ती प्रामाणिकपणे उचलते तिथं पट्टीची सूट मला जड वाटत नाही. पण जिथं आत फक्त पैसेवाल्यांची सोय आणि बाहेर धर्मादायाची पाटी, तिथं हरकत घ्यायला कचरू नका. त्याआधी एकदा आत जाऊन या मात्र. बाहेरून इमारत मोठी दिसते, आत काय हाल आहेत ते कळत नाही.

हे विचारायचं कुठं, तर महिला सभेत. प्रत्येक नियमित ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची असते, आणि ती बऱ्याच गावांत कागदावरच होते, हे आपल्याला ठाऊक आहे. या वेळी ती खरोखर भरवा आणि विषयपत्रिकेवर ओळ लिहून द्या: "गावातील धर्मादाय इमारतींची घरपट्टी व सूट, यादी वाचणे." यादी वाचली जाऊ द्या. वृद्धाश्रमाबरोबर आणखी काय काय त्यात निघतं तेही कळेल.

ज्या गावात नवीन घर सुरू होतंय त्या ताईंकडे मी पुढच्या बैठकीला अर्जाचा मसुदा घेऊन येते, आपण बसून नीट करू. तोवर तेवढा नमुना 8 चा उतारा काढून ठेवा, आणि राहायला येऊ पाहणाऱ्या आजींची आधार कार्डावरची जन्मतारीख वहीत उतरवून घ्या. दोघींच्या कार्डावर ती चुकलेली दिसली, त्याचंही त्याच दिवशी बघू.