निळूभाऊंचा खलनायक

मराठी प्रेक्षकांनी ज्या नटाच्या नावाने सर्वांत जास्त बोटे मोडली, तो माणूस प्रत्यक्षात अतिशय सौम्य होता. निळू फुले यांच्याविषयी आज बोलायचे आहे.

निळूभाऊ पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करत. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात ते घडले. 'कथा अकलेच्या कांद्याची' या वगनाट्याने नाव झाले आणि १९६८ साली 'एक गाव बारा भानगडी'मधून ते पडद्यावर आले. १९७२ मध्ये त्यांनी रंगभूमीवर 'सखाराम बाइंडर' उभा केला. १९७५ च्या 'सामना'तला त्यांचा साखरसम्राट हिंदुराव धोंडे पाटील तर बर्लिनच्या महोत्सवापर्यंत पोचला.

हा हिंदुराव आरडाओरडा करत नाही. दारुड्या मास्तराला घरी आणतो, त्याचा पाहुणचार करतो. डॉ. लागूंचा मास्तर मात्र बेपत्ता झालेल्या मारुती कांबळेविषयी विचारायचे सोडत नाही.

आमच्या कळमेश्वराकडे संत्रा आणि कापूस. साखर कारखान्याचा चेअरमन आम्हाला ठाऊक नव्हता. पण मालगुजार ठाऊक होता. मालगुजारी १९५१ साली कायद्याने गेली, वाड्यासमोरून मान खाली घालून जायची सवय मात्र बरीच वर्षे टिकली. त्यामुळे हिंदुराव ओळखायला आम्हाला वेळ लागला नाही.

माझी आत्या निळूभाऊंचे नाव काढले की चिडायची. मी एकदा सांगितले, "आत्या, हा माणूस गरिबाच्या बाजूचा आहे." ती म्हणाली, "असंन बाप्पा. पण असा मानूस त्यानं जवळून पाह्यला, हे नक्की."

आत्याचे खरेच होते. ज्यांच्याविरुद्ध आयुष्यभर उभे राहिले, त्यांनाच निळूभाऊंनी बारकाईने पाहिले होते. सामाजिक कृतज्ञता निधीसाठी त्यांनी डॉ. लागूंबरोबर 'लग्नाची बेडी'चे प्रयोग केले, अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात डॉ. दाभोलकरांना साथ दिली. 'सिंहासन'मध्ये त्यांनी सत्तेचा खेळ पाहून हादरणारा पत्रकार दिगू टिपणीसही केला. १३ जुलै २००९ रोजी ते गेले.

चित्रपटगृहात हिंदुरावाला शिव्या दिल्या आणि बाहेर येऊन खऱ्या हिंदुरावाच्या गळ्यात हार घातला, असे आपण अनेकदा केले. नटाचे काम ओळख पटवून देण्यापर्यंतचे. ते निळूभाऊंनी चोख केले. पुढे प्रश्न विचारायचे काम मास्तराचे, म्हणजे तुमचे-आमचे आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)