समाजसेवेची शिदोरी



समाजाच्या उपयोगीं पडावयाचें तर मनुष्याच्या अंगीं कोणते गुण असावेत, हा आजचा विषय आहे. पैसा, अधिकार आणि वक्तृत्व हीं साधनें ज्याच्यापाशीं असतील त्यानेंच लोककार्यांत पडावें, इतरांनीं दुरून पाहावें, अशी पुष्कळांची समजूत असते. ती कितपत खरी आहे, हें एका चरित्रावरून पाहूं.

धोंडो केशव कर्वे यांचा जन्म १८५८ सालीं झाला. कोंकणांतील मुरूड हें त्यांचें गांव. घरची स्थिति गरिबीची, स्वभाव भिडस्त, आणि वाणींत सभा जिंकण्याचें तेज नाहीं. विद्यार्थिदशेंत एका परीक्षेसाठीं ते सह्याद्रि ओलांडून पायीं साताऱ्यास गेले. परंतु वयानें लहान दिसतात म्हणून त्यांस परीक्षेस बसूं दिलें नाहीं. ते परतले आणि पुन्हां अभ्यासास लागले. चिकाटी हा त्यांचा पहिला गुण.

दुसरा गुण सोशिकपणाचा. पहिली पत्नी वारल्यावर १८९३ सालीं त्यांनीं एका विधवेशीं विवाह केला. गांवानें बहिष्कार घातला. तथापि त्यांनीं घेतलेलें पाऊल मागें घेतलें नाहीं, कीं मनांत अढीहि धरली नाहीं. १८९६ सालीं त्यांनीं विधवांसाठीं आश्रम काढला, आणि १९०० सालीं तो पुण्याजवळ हिंगणें येथें एका झोंपडींत नेला. फर्ग्युसन कॉलेजांतील गणिताचे तास आटोपून पायीं हिंगण्यास जावें व तेथें शिकवावें, असा त्यांचा क्रम होता. पुनर्विवाहापेक्षां शिक्षणावर त्यांनीं अधिक भर दिला, म्हणून कांहीं सुधारक नाराज झाले. परंतु पालकांचा विश्वास उडाला तर मुली आश्रमांत येणारच नाहींत, हें ते ओळखून होते. कोणतें पाऊल आज टाकावें आणि कोणतें उद्यां, हा विवेक तिसरा गुण होय.

चौथा गुण प्रामाणिकपणाचा. आपल्या मिळकतींतील कांहीं भाग लोककार्यासाठीं बाजूस काढण्याचा त्यांचा नेम होता, आणि लहान देणगीहि ते आदरानें स्वीकारीत. १९१६ सालीं त्यांनीं महिला विद्यापीठ स्थापिलें, तेव्हां विद्यार्थिनी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. पुढें १९२० सालीं सर विठ्ठलदास ठाकरसी यांनीं त्यास १५ लाख रुपयांची देणगी दिली. ज्याच्या हातीं पै सुरक्षित राहते, त्याच्याच हातीं लाख देण्यास धनिक धजतो, असें आम्हांस वाटतें.

एक गोष्ट मात्र विसरूं नये. कर्व्यांची मिळकत संस्थेकडे वळत असतां घरची ओढाताण त्यांच्या पत्नी आनंदीबाई यांनीं सोसली. लोकांसाठीं झटणाऱ्या मनुष्याच्या मागें बहुधा कोणीतरी मुकाट्यानें भार वाहत असतें. तो भार ओळखणें आणि त्याचें ऋण मानणें, हाहि समाजसेवकाचा गुणच समजावा. नाहींतर बाहेर दीप लावून घरांत अंधार करण्याचा दोष आपल्याकडे येईल.

१९३६ सालीं, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीं, खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठीं त्यांनीं नवें मंडळ काढलें. १९५८ सालीं त्यांस भारतरत्न मिळालें. १९६२ सालीं, १०४ वर्षांचे होऊन, ते निवर्तले.

बंधुभगिनींनो, ह्या गुणांपैकीं कोणता गुण विकत घ्यावा लागतो? आपल्या धर्मग्रामांतील एखाद्या मंडळाची हिशेबाची वही चोख ठेवणें, शेजारच्या मुलास रोज घटकाभर शिकविणें, दोन घरांतील अबोला मिटविण्यासाठीं दोन्हीकडचीं बोलणीं सोसणें, हें आपल्यांतील कोणासहि करितां येईल. अडचण सामर्थ्याची नाहीं. उद्यांहि तेंच काम करण्याच्या निश्चयाची आहे. तो निश्चय आपण सर्वांनीं करावा.