कड्यावरचे विश्रामगृह



आज एका घराची गोष्ट सांगणार आहे. घर सातासमुद्रापलीकडचं आहे आणि दोनदा जळालेलं आहे. पण ती ऐकताना तुमच्या गावचा डोंगर डोळ्यांपुढे उभा राहील, असं मला वाटतं.

अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात कोलोरॅडो नदीनं जमीन कापत कापत एक प्रचंड घळ कोरली आहे. तिचं नाव ग्रँड कॅन्यन. खोली सुमारे दीड किलोमीटर. पाखराला एका काठावरून समोरच्या काठावर जायला सोळा किलोमीटर. पण मोटारीनं जायचं तर वळसा जवळजवळ साडेतीनशे किलोमीटरांचा! त्यातला उत्तर काठ अधिक उंच, समुद्रसपाटीपासून आठ हजार फुटांवर. हिवाळ्यात तिथं इतकं बर्फ पडतं की रस्ताच बंद होतो.

अशा आडजागी, अगदी कड्याच्या टोकावर, १९२७-२८ साली एका रेल्वे कंपनीच्या शाखेनं प्रवाशांसाठी लॉज बांधलं. आपल्याकडच्या डाकबंगल्यासारखंच म्हणा, पण कितीतरी मोठं. गिल्बर्ट स्टॅन्ली अंडरवुड हे त्याचे वास्तुशिल्पी. दगड तिथलाच, लाकूड तिथलंच. पाणी मात्र तीन हजार फुटांहून खोल असलेल्या झऱ्यावरून पंपानं वर आणलेलं. प्रवासी दारातून आत शिरे, चार पावलं टाकी, आणि मोठ्या खिडक्यांतून एकदम ती दरी समोर उभी राही. पाहुणे निघाले म्हणजे नोकरमंडळी बाहेर जमून गाणी म्हणत त्यांना निरोप देत.

चारच वर्षांनी, सप्टेंबर १९३२ मध्ये, लॉजला आग लागली आणि मुख्य इमारत जळाली. दगडी पाया तेवढा उरला. १९३६-३७ साली त्याच पायावर नवी इमारत उभी राहिली. या वेळी छप्परं उतरती केली, म्हणजे बर्फ साठू नये. पडलेलं घर पुन्हा बांधताना शहाणा माणूस असाच मागचा अनुभव जमेस धरतो. १९८७ साली सरकारनं या वास्तूला राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा मान दिला.

आता दुसरी आग. ४ जुलै २०२५ रोजी जवळच्या रानात वीज पडून वणवा लागला. अधिकाऱ्यांनी तो लगेच विझवला नाही. ठरावीक हद्दीत राखून जळू दिला. हे ऐकून तुम्ही म्हणाल, काय हा वेडेपणा! पण त्यामागंही विचार होता. प्रत्येक आग विझवत गेलं की रानात पालापाचोळा आणि झुडपं साठत जातात, आणि पुढं लागणारी आग भयंकर होते. लहान आगीनं रान साफ राहतं. हिशेब खोटा नव्हता. पण हवा कोरडी होती आणि आठवड्याभरानं वारा सुटला. आगीनं हद्द ओलांडली. १२ जुलैच्या रात्री लॉज जळालं, आसपासच्या कित्येक इमारतीही गेल्या. माणसं आधीच हलवल्यामुळं जीवितहानी झाली नाही, हे भाग्य. राज्याच्या गव्हर्नरांनी या निर्णयाच्या चौकशीची मागणी केली. उरल्या त्या दगडी भिंती आणि धुराडी.

मंडळी, आपल्या सह्याद्रीतही उन्हाळ्यात वणवे लागतात. तिथली आग विजेनं लागली. आपल्याकडची बहुतेक माणसाच्या हातानं लागते. कोणी चांगलं गवत येईल म्हणून रान पेटवतं, कोणी विडीचं थोटूक टाकतं. पेटवणाऱ्याचा हिशेब बांधापुरता असतो. वाऱ्याला बांध ठाऊक नसतो. म्हणून गवत वाळण्याआधी जाळरेषा काढा, आणि रान पेटवूच नका. गुरुजींनो, मुलांना घेऊन एकदा जळलेला डोंगर आणि एकदा राखलेला डोंगर पाहून या. धडा निराळा शिकवावा लागणार नाही.

दगडाचं घर पुन्हा बांधता येतं. एकदा बांधलंही होतं. जळालेल्या मोठ्या झाडाला मात्र पुन्हा तेवढं व्हायला आपला जन्म पुरत नाही.

नमस्कार.