डाकीण कोणी ठरवली?



‘चेटकीण’ हा शब्द कोशात शोधायला सहसा कोणी जात नाही. अर्थ लहानपणापासून ठाऊक असतो. पण कोशकाराची कसोटी लागते ती अशाच शब्दापाशी. ‘घोडा’ लिहिताना घोडा आहे की नाही याचा विचार त्याला करावा लागत नाही. इथे मात्र ही गोष्ट जगात आहे की लोकांच्या समजुतीत, हे ठरवल्याशिवाय पुढची ओळ लिहिता येत नाही. ‘मंत्रतंत्राने दुसऱ्याचं वाईट करणारी बाई’ एवढं लिहिलं, तर मराठी म्हणून त्यात काही खोट नाही. पण कोणावर तरी घेतलेला आळ त्यात खरा मानून टाकलेला असतो. आज मला बोलायचं आहे ते याच फरकाबद्दल.

इंग्रजीतलं एक उदाहरण घेऊ. सॅम्युअल जॉन्सन यांचा कोश 1755 साली निघाला. त्यात ‘विच’ म्हणजे निषिद्ध विद्यांच्या नादी लागलेली स्त्री, अशा आशयाचा अर्थ आहे. पण त्याआधी 20 वर्षं, 1735 च्या कायद्याने, ब्रिटिश संसदेने चेटूक हा गुन्हाच मोडीत काढला होता. त्यानंतर शिक्षा होती ती अशी शक्ती आपल्याकडे असल्याचं सोंग आणणाऱ्याला. म्हणजे कायद्याने जिला सोडलं, तिला कोशाने धरून ठेवलं. जॉन्सनना मी दोष देणार नाही. कोश वापरातला अर्थ नोंदवतो, आणि वापर असा एका कायद्याने बदलत नाही. आजचे इंग्रजी कोश ‘मानली जाणारी’ या अर्थाचा एखादा शब्द व्याख्येत घालतात. तेवढ्याने बोलणारा बदलतो. कोशकार हे स्वतः म्हणत नाही, लोक म्हणतात असं तो सांगतो.

मराठीत या प्रांतातले शब्द उदंड आहेत. मोल्सवर्थचा कोश 1831 सालचा, त्याची वाढवलेली आवृत्ती 1857 ची. दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश 1932 पासून खंडाखंडाने आला. या माणसांनी केलेले कष्ट पाहिले की हात जोडावेसे वाटतात. पण एकूण कोशलेखनात एक सवय रुजलेली आहे: अवघड शब्दापुढे त्याचे सोयरे मांडायचे. हडळ, जखीण, डाकीण, चेटकीण एका रांगेत बसवायच्या आणि पुढे जायचं. हे चार शब्द एका जातीचे नाहीत. हडळ ही मेलेल्या बाईचं भूत. जखीण मुळात यक्षिणी, म्हणजे तीही माणसांतली नव्हे. या दोघींवर काहीही बोललात तरी कोणाच्या घरावर दगड पडत नाही. चेटकीण मात्र जिवंत बाई असते, गल्लीतली, नाव-गाव असलेली. डाकीण तर दोन्हीकडची. मोनियर-विल्यम्सच्या संस्कृत कोशात डाकिनी म्हणजे कालीच्या परिवारातली, नरमांस खाणारी. तोच शब्द सातपुड्यात, नंदुरबारच्या पाड्यांवर उच्चारला जातो तेव्हा तो शेजारणीवर रोखलेला असतो. कोणाचं मूल तापाने गेलं, कोणाची गाय आटली, की भगताकडे, म्हणजे गावच्या मांत्रिकाकडे, जायचं आणि भगताने बोट दाखवायचं. ज्या कोशात कालीची सखी सापडते आणि ही शेजारीण सापडत नाही, तो अर्धा शब्द टिपतो आणि दुखणारा भाग बाहेर ठेवतो.

‘करणी’चं पाहा. देवाची करणी आणि नारळात पाणी म्हणताना आपण कौतुकाने म्हणतो. तोच शब्द ‘त्याने करणी केली’ असा आला, की तो साधी कृती राहत नाही, फिर्याद होतो. इथे वाक्याच्या कर्त्यावर नजर ठेवावी लागते. मूठ मारली, चेटूक केलं, भानामती केली, ही सगळी वाक्यं कर्ता मागतात, आणि गाव तो पुरवतं. कपडे पेटले, घरावर दगड आले, कोणाच्या अंगावर फुल्या उठल्या. मग हे ‘करतंय कोण’ एवढंच विचारायचं उरतं. 2021 साली चंद्रपूर जिल्ह्यात, जिवती तालुक्यातल्या वणी खुर्द गावात, भानामतीच्या संशयावरून वृद्ध स्त्री-पुरुषांना भर चौकात बांधून मारलं. ‘भानामती’ या नोंदीत हे कुठे बसवायचं, याचं उत्तर आपल्या कोशकारांनी द्यायला हवं.

मला उत्तराची वाट सापडली ती कायद्याच्या पुस्तकात. छत्तीसगडच्या 2005 च्या टोनही प्रताडना निवारण कायद्यात टोनही म्हणजे कोण? काळ्या जादूने किंवा वाईट नजरेने इतरांचं नुकसान करील, असं ज्या व्यक्तीबद्दल दुसऱ्या कोणी दर्शवलं आहे, ती. बिहारच्या 1999 च्या कायद्यातली डाइनही कोणीतरी डाइन ठरवलेली स्त्री आहे. व्याख्येत आरोप करणारा हजर आहे. अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणाऱ्या नरेंद्र दाभोलकरांचा 20 ऑगस्ट 2013 रोजी खून झाला, चार दिवसांत महाराष्ट्राने जादूटोणाविरोधी वटहुकूम काढला आणि डिसेंबरात विधिमंडळाने कायदा केला. तो आणखी पुढे जातो. करणी म्हणजे काय, चेटूक म्हणजे काय, हे तो सांगतच नाही. जोडलेल्या अनुसूचीत तो फक्त कृत्यं मोजतो: जारणमारण, करणी किंवा चेटूक यांच्या नावाखाली मारहाण करणं, नग्न धिंड काढणं, रोजच्या व्यवहारावर बंदी घालणं, अमक्याच्या मंत्राने जनावराचं दूध आटलं असं भासवून त्याचं जगणं कठीण करणं. ज्याचे वळ अंगावर उठतात तेवढंच मोजायचं, हा त्याचा बाणा आहे. दाभोलकरांनी कितीतरी वर्षं हाच मुद्दा गावोगाव मांडला होता, म्हणून हे कलम मला नुसतं कायद्याचं वाटत नाही.

कोशाला मात्र कायद्यासारखं गप्प बसता येत नाही, आणि बसूही नये. रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’तली चिंची चेटकीण पाहून मुलं किंचाळतात, ती चेटकीणच असते. गोष्टीत तिची विद्या खरी आहे आणि तिथे ‘मानली जाणारी’ लिहिणं म्हणजे गोष्टीवर अन्याय. तेव्हा नोंदीत अर्थ वेगळे पाडले पाहिजेत. पहिला अर्थ, कथा-नाटकांतलं पात्र. दुसरा, संतापाने दिलेली शिवी. तिसरा, चेटूक करते असा आळ घेऊन समाजाने जिला छळलं ती. या तिसऱ्या अर्थापाशी कोशकाराने थांबून एक काम आणखी करावं. छत्तीसगडच्या व्याख्येत ‘स्त्री’ नाही, ‘व्यक्ती’ आहे, आणि वणी खुर्दला बांधलेल्यांत पुरुषही होते. म्हणून ‘भानामती’च्या नोंदीत ‘करणारा’ हा शब्द काढून तिथे ‘केल्याचा आळ आलेली व्यक्ती’ असं लिहावं, आणि आळ घेतो कोण, तेही त्याच ओळीत सांगावं.