ड्यूटी चार्टवर नाव, खतावणीत फी

सांगलीत जमलेल्या करसल्लागार मित्रमैत्रिणींनो,

या अधिवेशनाच्या अध्यक्षपदासाठी माझे नाव सुचवणाऱ्यांचे आभार आणि विरोध न करणाऱ्यांचे जास्त आभार. यजमानांनी काही कमी पडू दिलेले नाही. भडंगाची पुडी सगळ्यांच्या पिशवीत पोहोचली आहे, तेव्हा मुद्द्यावर येते.

वर्षभरातल्या बदलांचा आढावा घ्या, असे निमंत्रणपत्रात लिहिले होते. तो घेते. आयकर कायदा २०२५ हा ५३६ कलमांचा कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू. मागील वर्ष आणि आकारणी वर्ष यांच्या जागी आता एकच ‘कर वर्ष’. चार श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात. झाला आढावा. बारकावे पुढच्या सत्रांत सांगायला माझ्याहून हुशार वक्ते आहेत. मला उरलेला वेळ एका नोंदीसाठी हवा आहे, आणि हे व्यासपीठ मिळण्याची मी पुष्कळ वर्षे वाट पाहिली आहे. ती नोंद तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या संगणकात आत्ता या क्षणी आहे. रुग्णालयाची खतावणी, खाते ‘व्यावसायिक शुल्क’, आणि त्याखाली ओळीने सिस्टर्सची नावे.

मी मिरजेची. १८९४ साली डॉ. वॉनलेस यांनी तिथे रुग्णालय काढले, तेव्हापासून गावाचे पोट दवाखान्यांवर चालते. कर्नाटकातून रुग्ण गाडी भरून येतात आणि त्यांच्या सेवेला मुली सांगोला, जत, अथणीकडून येतात. नर्सिंगचा जीएनएम अभ्यासक्रम झालेली मुलगी थेट रुग्णालयात लागतेच असे नाही. ती नर्सेस ब्यूरोत नाव घालते. ब्यूरो तिला आज या आयसीयूत, महिन्याने त्या वॉर्डात पाठवतो. पगार रुग्णालय तिच्या नावे ‘व्यावसायिक शुल्क’ म्हणून लिहून ब्यूरोला देते. ब्यूरो आपले कमिशन आणि दहा टक्के टीडीएस कापून उरलेले तिला देतो. नियुक्तीपत्र नाही, पगाराची स्लिप नाही. वर्षाच्या शेवटी मिळाले तर टीडीएसचे प्रमाणपत्र.

अशीच एक सिस्टर प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये कागद घेऊन माझ्याकडे आली. नाइटला रुग्णाला स्ट्रेचरवर घेताना तिच्या कमरेत उसण भरली होती आणि दीड महिना ती घरी होती. रुग्णालय म्हणाले, तुम्ही आमच्या नाहीत, ब्यूरोला विचारा. ब्यूरो म्हणाला, आम्ही फक्त माणसे पाठवतो. तिचा प्रश्न साधा होता: “मॅडम, दर महिन्याला माझे अठराशे रुपये कापतात, ते पीएफचेच ना? त्यातले काही काढता येतील का?”

महिना १८,००० रुपयांवर दहा टक्के म्हणजे १,८००. तो पीएफ नव्हता, प्राप्तिकर होता. वर्षाची कमाई २,१६,००० रुपये, म्हणजे जुन्या पद्धतीने आकारा नाही तर नव्या, कर शून्य. तिने विवरणपत्र कधी भरलेच नव्हते, म्हणून परतावाही नाही. आता दुसरी बाजू पाहा. ती कर्मचारी म्हणून दाखवली असती तर पीएफच्या १५,००० रुपयांच्या मर्यादेवर बारा टक्क्यांनी मालकाला दरमहा भरावे लागले असते १,८०० रुपये. तोच आकडा! मालकाने तिच्या नावावर भरायचे ते भरले नाहीत, आणि तेवढेच तिच्या पगारातून कापून जिथे देणे लागत नव्हते तिथे जमा केले. ईएसआयची, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याची, पगारमर्यादा २१,००० आहे, ती त्यात बसत होती. मालकाचे सव्वातीन टक्के म्हणजे ५८५ रुपये. त्या ५८५ रुपयांसाठी कामावर झालेल्या दुखापतीची भरपाई बुडाली, जी ईएसआय पगाराच्या नव्वद टक्क्यांनी देते.

आणखी गंमत ऐका. महाराष्ट्रात महिना २५,००० पर्यंत पगार असलेल्या स्त्रीला व्यवसाय कर माफ आहे. पण ही पगारदार नाही ना, ‘व्यावसायिक’! म्हणजे हिने नावनोंदणी करून वर्षाला २,५०० रुपये भरायचे.

यावर आपल्यात दोन तट आहेत, हे मला ठाऊक आहे. मागच्या अधिवेशनात एका मित्राने ध्रांगध्रा केमिकल्सचा १९५६ चा निकाल वाचून दाखवला, दुसऱ्याने त्यानंतरचे निकाल काढले, आणि नर्स कर्मचारी की स्वतंत्र व्यावसायिक यावर जेवणाची वेळ टळली. मी सांगते कसे ठरवायचे. आमच्या गावातल्या एका रुग्णालयात मी मेट्रनच्या खोलीबाहेर थांबले होते. भिंतीवर ड्यूटी चार्ट होता. कायम सिस्टर निळ्या शाईत, ब्यूरोच्या सिस्टर लाल शाईत, हस्ताक्षर एकच. नाइट कुणाला द्यायची, सुट्टी कुणाची रद्द करायची, दहा मिनिटे उशीर झाला तर अर्धा दिवस कुणाचा कापायचा, सगळे मेट्रन ठरवत होत्या. मला एवढा पुरावा पुरतो. माझ्याकडे एक खरोखर व्यावसायिक नर्सही आहेत. घरोघरी म्हाताऱ्या माणसांची शुश्रूषा करतात, दर स्वतः सांगतात, नको असलेले घर नाकारतात. त्यांचे विवरणपत्र मी फी म्हणूनच भरते आणि त्यात मला काही खटकत नाही.

“सिस्टरच म्हणतात, हातात जास्त पडू द्या,” हेही ऐकवले जाते. हातात पडतात किती? १६,२००, तेही ब्यूरोच्या कमिशनाआधी. “लहान रुग्णालये बंद पडतील,” असे म्हणणाऱ्यांनी सांगावे की पीएफला वीस माणसे लागतात म्हणून हजेरीपटावर एकोणीसच ठेवा, हा सल्ला डॉक्टरांना कुणी दिला? डॉक्टरांना एमबीबीएसला हे शिकवत नाहीत.

कायदा काही मुका नाही. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यापासून मूळ मालकाची, म्हणजे इथे रुग्णालयाची, जबाबदारी ठरलेली आहे. कंत्राटदाराने पगार दिला नाही तर तो मूळ मालकाने द्यायचा. ईएसआयची वर्गणीही आधी मूळ मालकानेच भरायची. नव्या श्रमसंहितांनी प्रत्येक कर्मचाऱ्याला नियुक्तीपत्र सक्तीचे केले, आणि आस्थापनेच्या मुख्य कामात काही अपवाद सोडून कंत्राटी कामगार लावायला मनाई केली. रुग्णालयात रुग्णाची शुश्रूषा हे मुख्य काम नसेल तर काय, पार्किंग? लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा तर एजंटामार्फत आलेल्या स्त्रीलाही स्पष्टपणे संरक्षण देतो. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून नेमलेल्या समितीने २०१६ मध्ये सांगितले की पन्नासहून कमी खाटांच्या रुग्णालयातही नर्सला किमान २०,००० द्यावेत. केरळने २०१८ मध्ये तेवढे मूळ वेतन अधिसूचित केले. आपल्याकडे त्या अहवालाचे काय झाले, ते आयसीयूत रात्र काढणाऱ्या कुठल्याही मुलीला विचारा.

आपल्या परिषदेने या विषयावर एक उपसमिती नेमावी, नियुक्तीपत्राचा मराठी नमुना तयार करावा, जमल्यास नर्सिंग महाविद्यालयांत शेवटच्या वर्षाला एक तास घ्यावा, असे माझ्या मनात आहे. कोण, कधी, कसे, ते कार्यकारिणीने बसून ठरवावे. मला बैठकांचा उत्साह आता राहिलेला नाही.

पण दोन कामांना उपसमिती लागत नाही. जिचा टीडीएस जुन्या वर्षांत अडकला आहे, तिच्यासाठी विलंबमाफीचा अर्ज करता येतो. आकारणी वर्ष संपल्यापासून पाच वर्षांपर्यंतची मुदत आहे. तो अर्ज भरून द्या आणि त्याची फी घेऊ नका. दुसरे, सोमवारी ऑफिसात गेल्यावर तुमच्या रुग्णालयांची ‘व्यावसायिक शुल्का’ची खाती उघडा. त्यात ज्यांची नावे ड्यूटी चार्टवरही आहेत, त्यांची यादी करून डॉक्टरांपुढे ठेवा आणि पुढच्या महिन्यापासून त्यांचा पगार पगाराच्या खात्यात घ्यायला सांगा. डॉक्टर नाही म्हणाले, तर त्या ताळेबंदासाठी दुसरा सल्लागार शोधा, असेही सांगा.