उद्याच्या तासाची तयारी : पेण-रोह्याच्या शाळांबद्दल

आज शाळेबद्दल बोलायचंय, आणि तेही आपल्या पेण-रोह्याकडच्या जिल्हा परिषद शाळांबद्दल. वर्गात कसं शिकवावं यावर आपल्याकडे भरपूर बोललं जातं. कृतियुक्त शिक्षण, ज्ञानरचनावाद, डिजिटल वर्ग... दर काही वर्षांनी नवा शब्द येतो. पण वर्गात शिरायच्या आधी शिक्षकानं काय केलं, हे कोणी विचारत नाही. या दोन तालुक्यांत मी बरीच वर्षं शिकवलं. पोरं शिकतात की नाही, याचा निम्मा निकाल तिथेच लागतो असं माझं मत झालंय.

पेणच्या खारेपाटातली पहिलीची मुलं घ्या. घरी आगरी बोली. पाणी म्हणजे 'पानी'. बाई फळ्यावर बाण काढतात, 'बाणाचा ण' शिकवतात, आणि मग मूल पाटीवर लिहितं 'बान'. आता बघा, त्याच्या घरात जो आवाज आहे तो त्यानं अगदी बरोबर लिहिलाय. त्यावर फुली मारली की ते एवढंच शिकतं, की आपलं चुकतं. का चुकतं, ते त्याला कळत नाही. ज्या बाईंना हे आधी माहीत असतं, त्या लिहायची घाई करत नाहीत. दोन-चार दिवस नुसतं ऐकायला लावतात. 'मान' म्हणाले तर हात वर, 'मणी' म्हणाले तर हात खाली. कान तयार झाला की हात आपोआप वळतो. पुस्तक तेच, फळा तोच. फक्त मूल कुठे अडणार, हे त्यांनी आदल्या संध्याकाळीच हेरून ठेवलेलं असतं.

मी तयारी म्हणतो ती ही. टाचणवही नव्हे. टाचणात उद्दिष्ट, साहित्य, मूल्यमापन असे रकाने असतात आणि ते भरलेही जातात. 'मुलं इथे चुकतील' असा रकाना मी तरी कुठे पाहिला नाही.

गणिताचं सांगतो. दुसरीतल्या मुलाला 'बावन्न' लिहायला सांगा. बरीच मुलं २५ लिहितात. याला आपण निष्काळजीपणा म्हणतो. पण मराठीत आपण आधी दोन बोलतो आणि मग पन्नास, लिहिताना मात्र आधी पाच आणि मग दोन. मूल ऐकलेल्या क्रमानं लिहितं. आठवत असेल, २०१९च्या जूनमध्ये यावरून केवढा गदारोळ झाला. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक', 'वीस दोन' अशी संख्यावाचनाची रीत आली. गणित समितीच्या अध्यक्षा होत्या डॉ. मंगला नारळीकर. विधानसभेत चर्चा झाली, विनोद झाले, मराठी भाषा संपली म्हणून ओरड झाली. पुस्तकात जुनी नावंही होतीच. नवी रीत जोडीला दिली होती. माझ्या मते ती रीत चांगलीच होती. त्रास वेगळ्या ठिकाणी होता. ही रीत कोणत्या चुकीवरचा उपाय आहे, ते वाडीवरच्या शिक्षकापर्यंत नीट पोचलंच नाही. ज्याला ती चूक दिसलेली नव्हती त्याला उपाय हास्यास्पद वाटणारच. मग काहींनी तो सोडून दिला, काहींनी पोपटासारखा म्हणून घेतला. चांगली पद्धत वाया जाते ती बहुतेक वेळा अशीच.

तशीच वजाबाकी. ५२ वजा ३८, उत्तर २६. असं उत्तर ज्या पोरानं लिहिलं त्याला वजाबाकी येत नाही असं नाही हं. त्यानं दोनातून आठ जात नाहीत म्हणून आठातून दोन काढलेत. त्याला 'पुन्हा कर' म्हणालात तर तो पुन्हा २६च आणेल. दहाची एक मोळी सोडून त्याच्या हातात काड्या दिल्यात तर पाच मिनिटांत उजेड पडतो.

आणि तयारी म्हणजे नुसती चुकांची यादी नाही. मूल घरून काय घेऊन येतं, तेही त्यात आलं. हमरापूर, जोहे या गावांत घरोघरी गणपतीचे कारखाने. तिथलं पोर शाळेत येतं तेव्हा सव्वा फुटी, दीड फुटी, अडीच फुटी मूर्ती ओळखून येतं. त्यानं त्या हातानं उचलून ठेवलेल्या असतात. त्याच पोराला पुढे अपूर्णांक शिकवताना आपण पुस्तकातल्या चित्रातली भाकरी कापत बसतो! एक फूटपट्टी आणि कारखान्यातली तीन मापं घेतली असती तरी काम झालं असतं.

डोंगराकडच्या कातकरी वाड्यांवर हे सगळं जास्त कठीण होतं. बोली वेगळी हे तर झालंच. वर दिवाळीनंतर कुटुंबं वीटभट्टीवर, कोळसाभट्टीवर निघतात, आणि पावसाच्या तोंडावर परततात. बरोबर नेलेल्या मुलाचं शाळेचं वर्ष जून ते दिवाळी एवढंच. आपलं वार्षिक नियोजन मात्र एप्रिलपर्यंतचं. वाचन पक्कं व्हायचा भाग जर जानेवारीत ठेवलात, तर त्या मुलाला तो कधीच मिळणार नाही. हे कळायला प्रशिक्षण लागत नाही, वाडीवर दोन फेऱ्या लागतात.

आता शिक्षकांची बाजूही बोललं पाहिजे. डीएडला, म्हणजे आताच्या डीएलएडला, सराव पाठ असतो एका वर्गाचा, एका विषयाचा, एका तासाचा. नेमणूक होते द्विशिक्षकी शाळेवर. कायद्यानं साठ मुलांपर्यंत दोनच शिक्षक. त्यातले एक बैठकीला किंवा माहिती भरायला गेले, की दुसऱ्यापुढे पहिली ते चौथी एकत्र. चार वर्गांना एकाच वेळी कसं कामाला लावायचं, हे बहुतेकांना कोणी शिकवलेलंच नसतं. आणि मग २०२३ मध्ये विसाहून कमी पटाच्या शाळा मिळून समूहशाळा करायचा प्रस्ताव आला, तेव्हा एक कारण हेच दिलं जात होतं, की अशा शाळांत नीट शिकणं होत नाही. सहा-सात वर्षांच्या मुलीला ओढा ओलांडून लांबच्या शाळेत पाठवायचं, त्यापेक्षा शिक्षकाला बहुवर्ग शिकवायची तयारी करून देणं स्वस्त नाही का? मला तरी वाटतं.

एक साधी गोष्ट सुचवतो. केंद्राची शिक्षण परिषद दर महिन्याला होते. त्यातला अर्धा तास परिपत्रकं वाचण्यातून काढा. प्रत्येक शाळेनं मुलांच्या तीन चुका कागदावर आणायच्या, मूळ वहीतल्या, मुलाचं नाव झाकून. मूल असं का लिहीत असेल, एवढंच बोलायचं. वडखळची बाई आणि रोह्याच्या डोंगरातला गुरुजी यांच्या चुका वेगळ्या निघतील, काही अगदी सारख्या निघतील.

तुमच्यापैकी जे शिक्षक हे ऐकतायत, त्यांनी अशी एखादी वही हाताशी असेल तर जरूर कळवा. पुढच्या भागात आपण फक्त त्याच घेऊन बसू.